मन्याडकाठचा शेतकरी विधानसभेत जातो तेव्हा

उदगीरच्या नळाला आज जे पाणी येते ते लिंबोटीच्या धरणातले आहे. लिंबोटी नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात, मन्याड नदीवर. सरकारी कागदात तिचे नाव मानार, लोकांच्या तोंडी मन्याड. ही नदी पुढे मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. उदगीरसारख्या टंचाईने गांजलेल्या गावाला शेजारच्या जिल्ह्यातून पाणी यावे, हे माझ्या लहानपणी कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

या पाण्याच्या निमित्ताने मी मन्याड खोऱ्याकडे वळलो आणि तिथे वळलेला कोणीही भाई केशवराव धोंडगे या नावाला ओलांडून पुढे जाऊ शकत नाही. 'मन्याड खोऱ्याचा ढाण्या वाघ' ही त्यांची ओळख. धरण एका माणसाने आणले असे मी म्हणणार नाही. धरणे एका माणसाने होत नसतात. माझा प्रश्न वेगळा आहे. शेतकऱ्याच्या घरातला माणूस आमदार होतो तेव्हा नेमके काय बदलते? त्याचे की शेतकऱ्याचे? आज निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात 'व्यवसाय : शेती' असे लिहिणारे आमदार ढिगाने सापडतात. मग शेतकरी आमदार उरला नाही, अशी तक्रार पारावर अजून का ऐकू येते?

गऊळ ते कंधार

केशवराव शंकरराव धोंडगे यांचा जन्म २५ जुलै १९२२ रोजी कंधार तालुक्यातल्या गऊळ या गावी, शेतकरी कुटुंबात झाला. १ जानेवारी २०२३ रोजी औरंगाबाद येथे, वयाची शंभरी पूर्ण करून ते गेले. म्हणजे त्यांच्या आयुष्याची पहिली सव्वीस वर्षे निजामाच्या राज्यात गेली. हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही.

त्या राज्यात मराठी शेतकऱ्याची अडचण दुहेरी होती. एक तर जमिनीची. कुठे दिवाणी मुलूख, कुठे जहागीर, कुठे सर्फ-ए-खास. कसणारा एक, मालक दुसरा, वसूल करणारा तिसरा. त्यात धान्याची लेव्ही. दुसरी अडचण भाषेची. दरबार उर्दूचा, वरचे शिक्षण उर्दूचे. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. शेतात काय पिकले हे ज्याला माहीत, त्याला ते कागदावर काय लिहिले गेले हे वाचता येत नव्हते. मराठवाड्यात आजही जमिनीचा जुना वाद निघाला की वकील खासरा पाहणी पत्रक मागतात ते १९५४-५५ चे. त्याच्या मागे जायचे म्हटले की वाट अवघड होते. हैदराबाद राज्याचा कूळकायदा १९५० साली आला आणि 'संरक्षित कूळ' हा शब्द गावात पोचला, तेव्हा त्याचा फायदा कोणाला झाला? ज्याच्या घरात किंवा ज्याच्या ओळखीत कागद वाचणारा होता, त्याला.

नांदेड जिल्ह्याने मुक्तिसंग्रामात मोठी किंमत मोजली. १९४६ साली अर्जापूरला गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली, १९४८ च्या जानेवारीत उमरीची बँक लुटून आंदोलनाला पैसा उभा केला गेला, कंधार तालुक्यातल्या कल्हाळीने रझाकारांशी झुंज दिली. या वातावरणात वाढलेला तरुण धोंडगे लढ्यात उतरला. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य संपले. अनेक कार्यकर्ते तिथून काँग्रेसकडे गेले, सत्तेकडे गेले. धोंडगे शेतकरी कामगार पक्षात गेले.

शेकापविषयी आजच्या तरुण वाचकासाठी दोन शब्द. केशवराव जेधे, शंकरराव मोरे या मंडळींनी १९४७ साली काँग्रेसच्या आतूनच हा गट उभा केला आणि पुढे तो वेगळा पक्ष झाला. १९५० च्या दाभाडी प्रबंधात त्याने मार्क्सवादी भूमिका स्वीकारली. लाल बावटा, खटारा ही निशाणी आणि एकमेकांना 'भाई' म्हणण्याची रीत ही त्याची ओळख. हैदराबाद राज्याच्या १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत १७५ जागांच्या विधानसभेत या पक्षाचे दहा जण निवडून आले. मराठवाड्याच्या मातीत या पक्षाचे मूळ महाराष्ट्र राज्य होण्याआधीच धरले होते.

शाळा आधी, सभागृह नंतर

धोंडग्यांनी कंधारला जी संस्था काढली तिच्या नावातच सारे आले आहे : श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी. 'मोफत' हा शब्द नावात घालावा असे त्यांना वाटले. मोफत म्हटल्याशिवाय कुणबी, धनगर, मांग, महार, वंजारी पोरगा शाळेच्या दारात येणार नव्हता. बापाला पोर गुरांमागे हवे होते. लाल कंधारी ही गुरांची जात ज्या तालुक्याच्या नावाने ओळखली जाते, त्या तालुक्यात गुराखी पोर हे घरच्या अर्थव्यवस्थेचा भाग असते. त्याला शाळेत बसवायचे तर फी तरी नको.

या शाळांचा राजकारणाशी संबंध मला बऱ्याच उशिरा कळला. आधी मला वाटे की संस्था म्हणजे पुढाऱ्याची मतांची शेती. आजच्या संस्थांकडे पाहून तसे वाटणे साहजिक आहे. पण १९५० च्या सुमारास कंधारसारख्या तालुक्यात शेतकऱ्याच्या पक्षाला पहिली गरज होती ती प्रत्येक गावात अर्ज लिहिणाऱ्या एका पोराची. तलाठ्याने दिलेली पावती वाचणारा, तगाईचा हिशोब पडताळणारा, सभेची नोटीस फळ्यावर लिहिणारा. तो शाळेतूनच येणार होता.

त्याच्या जोडीला साप्ताहिक 'जयक्रांती'. शाळेने वाचणारा तयार केला, साप्ताहिकाने त्याला वाचायला दिले. गावात काय चालले आहे ते साप्ताहिकात येई आणि विधानसभेत काय बोलले गेले ते साप्ताहिकातून गावात जाई. भाई गुरुनाथराव कुरुडे यांच्यासारखे सहकारी या कामात होते. चळवळ, शाळा, साप्ताहिक आणि मग सभागृह अशी ही साखळी आहे. यातले शेवटचे कडे तेवढे आपण पाहतो, कारण निवडणुकीचे निकाल तेवढे छापून येतात.

पुढे उतारवयात त्यांनी गऊळला गुराख्यांचे साहित्य संमेलन भरवायला सुरुवात केली. पुण्या-मुंबईच्या वाचकांना ते गमतीचे वाटले असेल. मला ते त्याच साखळीचे कडे वाटते. ज्याला शाळेत आणण्यासाठी 'मोफत' शब्द लावावा लागला, त्याला मंचावर बसवायचे, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्नाचा उलटा प्रवास

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या काळापासून १९९० च्या दशकापर्यंत कंधारने धोंडग्यांना पुन्हा पुन्हा विधानसभेत पाठवले. बहुतेक काळ ते विरोधी बाकावर होते. मग प्रश्न येतो की सत्ता नसलेला आमदार शेतकऱ्याला देतो काय?

हे समजण्यासाठी मला विधिमंडळाच्या कामकाजाची रीत शिकावी लागली. ती कोणत्या शाळेत शिकवत नाहीत, म्हणून इथे थोडक्यात सांगतो.

समजा एका गावात विहिरीसाठी तगाई मंजूर झाली आणि पैसे आले नाहीत. शेतकरी तलाठ्याकडे जातो, तलाठी तहसिलात पाठवतो, तहसील जिल्ह्याकडे बोट दाखवते. अर्ज खालून वर जातो आणि वाटेत कुठे तरी बसून राहतो. आता आमदाराने तोच विषय तारांकित प्रश्न म्हणून दिला की प्रवास उलटा होतो. प्रश्न विधिमंडळातून मंत्रालयातल्या खात्याकडे जातो. खाते जिल्हाधिकाऱ्याला विचारते, जिल्हाधिकारी तहसीलदाराला, तहसीलदार तलाठ्याला. ज्या तलाठ्याने मान वर करून पाहिले नव्हते त्याला आता ठरलेल्या तारखेच्या आत लेखी उत्तर द्यायचे असते, कारण मंत्र्याला सभागृहात उभे राहून ते वाचायचे आहे. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. खरी कसोटी उपप्रश्नाची. लेखी उत्तर अधिकारी तयार करून देतात, पण उपप्रश्नाला मंत्री उघडा पडतो. तिथे ज्याला विहीर, मोट, पाणीपट्टी, कडब्याचा भाव स्वतःच्या घरातून माहीत आहे तो आमदार आणि कागद वाचून आलेला आमदार यांतला फरक दिसतो.

याशिवाय लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव, अर्ध्या तासाची चर्चा, अर्थसंकल्पावरची कपात सूचना, शुक्रवारचे अशासकीय कामकाज. कपात सूचनेने एक रुपयाही कमी होत नाही, हे मांडणाऱ्यालाही ठाऊक असते. पण त्या निमित्ताने खात्याचा सगळा कारभार बोलण्यात आणता येतो. विरोधी आमदाराची शेती ही अशी असते. तिला पीक उशिरा येते, पण येते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण रोजगार हमी. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यात अजून कालगणनेसारखा वापरतात. अमका दुष्काळाच्या आदल्या साली जन्मला, तमकीचे लग्न दुष्काळात झाले. लाखो माणसे खडी फोडायला बसली. कामाचा हक्क ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. त्यांनी ती साठच्या दशकात तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात करून पाहिली होती. दुष्काळाने ती राज्यभर नेली. पण योजना आणि कायदा यांत अंतर असते. योजना सरकारच्या मर्जीवर चालते, कायदा सरकारला बांधतो. शेकाप आणि इतर डाव्या पक्षांनी रस्त्यावर मोर्चे आणि सभागृहात प्रश्न असे दोन्हीकडून रेटले. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. देशाने असा कायदा करायला २००५ साल उजाडले. त्या सभागृहातल्या शेकापच्या बाकांची संख्या पाहा : १९६२ मध्ये १५, १९६७ मध्ये १९, १९७२ मध्ये अवघे ७. एवढ्याशा बाकांचा आवाज संख्येपेक्षा मोठा होता, कारण त्यामागे गावोगावचे अर्ज होते.

धोंडग्यांचे नाव निघाले की लोक सांगतात ते त्यांचे किस्से. भर सभेत त्यांनी शरद पवारांचा मुका घेतला तो, किंवा अधिवेशनाची सुरुवात 'वंदे मातरम्'ने व्हावी म्हणून त्यांनी धरलेला आग्रह. किस्से खोटे नाहीत. पण किश्शांनी माणूस मोठा होतो आणि काम लहान होते. गावरान बोलीत मंत्र्याला घेरणारा आमदार आठवतो. त्या बोलण्यामागची फाईल आठवत नाही.

१९७७ आणि १९७८

आणीबाणीत धोंडगे तुरुंगात होते. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत नांदेडने त्यांना दिल्लीला पाठवले. त्या निवडणुकीत शेकापचे महाराष्ट्रातून पाच खासदार निवडून आले. त्यांतले तिघे मराठवाड्याचे : नांदेडहून धोंडगे, परभणीहून शेषराव देशमुख आणि आमच्या लातूरहून भाई उद्धवराव पाटील. उदगीर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्याआधी १९५६ पर्यंत ते बिदर जिल्ह्यात होते आणि १९८२ पासून ते लातूर जिल्ह्यात आहे. जिल्हे बदलत गेले तरी शेतकऱ्याचे प्रश्न तेच राहिले. १९७७ साली या सगळ्या पट्ट्याने लाल बावट्याला मते दिली, हे आज सांगितले तर नव्या पिढीला खरे वाटत नाही.

१९७८ च्या विधानसभेत शेकापचे १३ जण आले. जुलैत पवारांच्या पुलोद सरकारात हा पक्ष पहिल्यांदा सत्तेत बसला. एन. डी. पाटील, गणपतराव देशमुख मंत्री झाले. शेतकऱ्यांचा पक्ष जिथे पोचायला निघाला होता तिथे पोचला होता.

आणि त्याच महिन्यात त्याची परीक्षा झाली. २७ जुलै १९७८ रोजी दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारण्यात आले. शेतकरी आणि कामकरी एक आहेत, हे या पक्षाच्या नावातच लिहिले होते. पण गावात शेतकरी म्हणजे जमीनवाला आणि कामकरी म्हणजे बहुधा बिनजमिनीचा दलित, हे त्या पंधरवड्यात उघडे पडले. ज्या गावांनी वर्षभरापूर्वी एकत्र मते दिली, ती गावे एका रात्रीत दोन झाली.

मी हे कोणा एका पुढाऱ्याच्या माथी मारत नाही. ती त्या राजकारणाचीच मर्यादा होती. लेव्ही, तगाई, पाणी, भाव यांवर शेतमालक आणि शेतमजूर काही काळ एका मोर्चात चालले. रोजगार हमीवर तर ते खरोखरच एकत्र होते, कारण १९७२ ने दोघांनाही खडीवर बसवले होते. पण प्रतिष्ठेचा प्रश्न आला तेव्हा त्या एकीला पायाच नव्हता असे दिसले. माझ्या मते मराठवाड्यातल्या शेतकरी राजकारणाची ओहोटी सुरू झाली ती इथून. पुढे १९८० पासून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने भावाचा प्रश्न हाती घेतला आणि जुन्या लाल बावट्याखालची तरुण पोरे तिकडे गेली. त्यानंतरच्या दशकात धर्माचे राजकारण आले.

मतदारसंघ राहिला, माणूस बदलला

कंधारचा जुना मतदारसंघ २००८ च्या फेररचनेनंतर लोहा या नावाने ओळखला जातो. त्याचे पुढचे निकाल मला बोलके वाटतात. २००९ साली तिथून शंकर धोंडगे आले. ते शेतकरी संघटनेत घडलेले, पण उमेदवारी राष्ट्रवादीची. २०१४ मध्ये प्रतापराव पाटील चिखलीकर, शिवसेनेचे. २०१९ मध्ये पुन्हा शेकाप, आणि त्या वेळी सबंध राज्यात त्या पक्षाचा हा एकच आमदार : श्यामसुंदर शिंदे. ते निवृत्त सनदी अधिकारी. २०२४ मध्ये पुन्हा चिखलीकर, आता राष्ट्रवादीचे. त्याच निवडणुकीत शेकापची एकमेव जागा आली ती सांगोल्याची. तिथे गणपतराव देशमुखांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले. एसटीने फिरणारे, १९६२ पासून अकरा वेळा निवडून आलेले गणपतराव २०२१ साली गेले.

यांतल्या कोणाच्या पात्रतेविषयी मला काही म्हणायचे नाही. अधिकाऱ्याला प्रशासन कळते, डॉक्टरला माणसे कळतात. पण एक अनुक्रम दिसतो. पूर्वी चळवळीतून शाळा, शाळेतून वाचणारा, वाचणाऱ्यातून अर्ज, अर्जातून प्रश्न आणि प्रश्नातून आमदार असा क्रम होता. आता आमदार आधी येतो आणि बाकीचे त्याच्यामागे आले तर येते. शाळा आहेत, पण त्या मोफत नाहीत. वर्तमानपत्रे आहेत, पण तालुक्याच्या तगाईची बातमी त्यांत नाही. प्रतिज्ञापत्रातली 'शेती' खरी असेलही. पण सातबारा असणे आणि शेतकऱ्याच्या वतीने उपप्रश्न विचारणे यांत तेवढेच अंतर आहे जेवढे बैल विकत घेण्यात आणि नांगर धरण्यात.

याचा आजशी संबंध काय? २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल होता. त्या दिवाळीत आमच्या भागातल्या बाजारात शेतकऱ्याने त्याच्या बराच खाली माल घातला. खरेदी केंद्र कधी उघडले, ओलाव्याच्या नावाखाली किती माल परत गेला, बारदाना का नव्हता, हे प्रत्येक शेतकऱ्याला आपापल्या पोत्यापुरते माहीत आहे. ते सगळे एकत्र करून सभागृहात उपप्रश्न म्हणून टाकणारी साखळी मात्र तुटली आहे. शेतकरी बोलतो ते मोबाईलवर, आणि उत्तर द्यायला कोणताही तलाठी बांधील नसतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाने आपापल्या आमदारांची विधिमंडळातली भाषणे आणि प्रश्न एका कपाटात जमवावेत. सत्ताधारी असो वा विरोधी, जिवंत असो वा गेलेला. कंधार, अहमदपूर, उदगीर, देगलूर या गावांत जुन्या घरांच्या माळ्यावर 'जयक्रांती'चे अंक पडून असतील. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत जाऊ नयेत. आणि नव्या आमदाराकडे सत्कारासाठी जाताना नारळाबरोबर एक लेखी प्रश्न न्यावा. तो विचारला गेला की नाही, हे पुढच्या दिवाळीत तपासावे.

लिंबोटीचे पाणी नळाला येते तेव्हा मी कधीकधी हिशोब करतो. या पाण्यामागे किती अर्ज, किती प्रश्न, किती मोर्चे, किती गेलेल्या जमिनी असतील. ज्यांच्या जमिनी त्या धरणात गेल्या त्यांचेही प्रश्न कोणी तरी विचारायला हवेत.